खुर्चीवरून पुन्हा वस्तीत: संस्थेचं प्रमुखपद सोडून संघटनाच्या कामाला परतताना

नऊ वर्षं मी एका संस्थेची कार्यकारी संचालक होते. आता तीन वर्षं झाली, त्याच संस्थेत संघटक म्हणून काम करते. दारोदार फिरणं, बैठका लावणं, लोकांच्या मागे लागून अर्ज भरून घेणं, हेच काम. मधल्या काळात चुका भरपूर केल्या. याच वाटेवर निघालेल्या चार-पाच जणांनी मला गाठून विचारलं, तेव्हा प्रत्येकापुढे तीच टेप वाजवली. आता एकदाच लिहून टाकते.

राजीनाम्याचा ठराव मंजूर व्हायला दहा मिनिटं लागतात. पण प्रश्न निघाला की सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात, ते थांबायला वर्ष-दीड वर्ष जातं. त्या दीड वर्षाची तयारी कोणी करत नाही, म्हणून हा लेख कागदपत्रांपेक्षा त्याबद्दल जास्त आहे.

१. कंटाळा आहे की ओढ, ते आधी तपासा

संचालकपदाचा वीट येणं वेगळं आणि वस्तीतलं काम हवंसं वाटणं वेगळं. नुसता वीट आला असेल तर दोन महिने रजा घ्या, झोपा, मग ठरवा. वस्तीत विश्रांती मिळेल या भ्रमात कोणी येऊ नये. सातला ठरलेली बैठक साडेआठला सुरू होते आणि नऊला निम्मी माणसं उठून जातात. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांच्या दारात पुन्हा उभं राहावं लागतं.

मी काय केलं ते सांगते. मागच्या एका महिन्याची डायरी काढली आणि प्रत्येक दिवसापुढे तो दिवस कुठे गेला ते लिहिलं. कामाचे २३ दिवस होते. अहवाल आणि प्रस्ताव यांत नऊ, ऑफिसातल्या माणसांच्या कुरबुरी मिटवण्यात पाच, मंडळ, हिशेब आणि ऑडिट यांत चार, बाहेरच्या परिषदांत तीन. वस्तीत दोन, आणि त्यातला एक दिवस देणगीदार पाहुण्यांना वस्ती दाखवण्यात गेलेला. तो आकडा बघून मला वाईट वाटलं. राग मात्र आला नाही, आणि तिथेच मला कळलं की पद सोडावं लागणार.

त्यानंतर तीन महिने आठवड्यातला अर्धा दिवस, एकाच वस्तीत, ठरलेल्या वेळी जाऊन बघा. गाडी, फोटो काढणारा, सोबत दोन कार्यकर्ते, यातलं काही नको. चौथ्या-पाचव्या फेरीला जायचा कंटाळा येऊ लागला तर बरंच झालं, राजीनाम्याआधी कळलं.

२. कोणाला कधी सांगायचं, तो क्रम लिहून ठेवा

ही बातमी फुटते. माझी फुटली. परतीच्या प्रवासात गाडीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याला विश्वासाने सांगितलं, आणि ऑफिसात पोचले तर हिशेबनीस विचारतोय, ‘मॅडम, तुम्ही चाललात म्हणे?’ अध्यक्षांना तोवर पत्ता नव्हता. त्यांचा रुसवा काढण्यात दोन महिने गेले.

आज पुन्हा करायचं झालं तर क्रम असा ठेवीन. आधी घरचे, कारण पगार कमी होणार आहे. मग अध्यक्ष, समोरासमोर. मग मंडळ. मंडळाचा निर्णय झाला की त्याच आठवड्यात सगळे कर्मचारी, एकाच बैठकीत, एकाच वेळी. त्याच दिवशी संध्याकाळी वस्तीतले प्रमुख लोक, आणि दुसऱ्या दिवशी मोठे देणगीदार, प्रत्येकाला फोन करून. ईमेल त्यानंतर.

वस्तीतल्या लोकांना बहुतेक संस्था सर्वांत शेवटी सांगतात, तेही कोणी विचारलं तरच. असं करू नका. ज्यांच्यात तुम्ही परत जाणार आहात, त्यांना ही गोष्ट तिसऱ्याकडून कळली तर पुढचे सहा महिने ‘मॅडमना काढलं’ हीच बातमी फिरत राहते.

सांगताना तारीख सांगा. ‘पुढेमागे’, ‘योग्य व्यक्ती मिळाली की’ असं बोललात तर योग्य व्यक्ती कधीच मिळत नाही. जाहीर केल्यापासून पदभार सोडेपर्यंत सहा ते नऊ महिने पुरतात. वर्षाच्या वर गेलं की तुम्ही निर्णय घ्यायचं टाळता आणि बाकीचे तुमच्या जाण्याची वाट बघत बसतात.

३. उत्तराधिकारी तुम्ही निवडू नका

निवड समितीत बसू नका. मागितली तर कामाची यादी द्या, उमेदवारांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, आणि बाहेर थांबा. तुम्ही हाताने निवडलेला माणूस प्रत्येक अडचणीत तुमच्याकडेच येणार, आणि तुमच्या निवडीविरुद्ध बोलायला मंडळ कचरणार. मंडळाला घाई होत असेल तर सहा महिन्यांसाठी प्रभारी नेमायला सांगा. मात्र त्या प्रभारीपदावर तुम्ही चुकूनही बसू नका.

४. हस्तांतरण: कागद, सह्या आणि तो मोबाइल नंबर

पद सोडून चार महिने झाले होते. मी एका वस्तीत बायकांच्या बैठकीत बसले होते, फोन पिशवीत, आणि तिथे रेंजही धड नाही. बाहेर आले तर सतरा मिस्ड कॉल. पगाराचा दिवस होता. हिशेबनिसाने बँकेत पगाराची यादी चढवली होती आणि ओटीपी येत होता माझ्या मोबाइलवर. बँकेतल्या सह्या बदलल्या होत्या, ठराव दिला होता, पण नोंदवलेला मोबाइल नंबर बदलायचा राहिला होता. अख्ख्या ऑफिसचा पगार एक दिवस लांबला, आणि नव्या संचालकाला सुरुवातीच्या दिवसांतच सगळ्यांसमोर माझा नंबर मागावा लागला. चूक माझी होती. बोल त्याला लागला.

तेव्हा ही यादी भिंतीवर लावा आणि एकेक खोडत जा:

- राजीनामापत्र. संचालकपद, मंडळाचं सदस्यत्व आणि विश्वस्तपद या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कशाकशाचा राजीनामा देताय ते नावानिशी लिहा.
- राजीनामा स्वीकारल्याचा आणि नव्या नेमणुकीचा ठराव, इतिवृत्ताच्या सहीच्या प्रतीसह.
- बँक: सहीचे अधिकार, नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल, नेट बँकिंगचे युजर, जुनी चेकबुकं. आधी सह्या केलेले कोरे चेक कुठे असतील तर रद्द करा. असतातच.
- नोंदणी कार्यालय आणि करखातं. पदाधिकारी बदलल्याचं कळवायची मुदत कायद्यात ठरलेली असते. आपली संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे ते बघून ती तारीख यादीत लिहा. तुमच्या नावाची डिजिटल सही कुठे कुठे वापरात आहे तेही शोधा.
- देणगीदारांशी झालेले करार. प्रमुख व्यक्ती बदलल्यास लेखी कळवावं, अशी अट अनेक करारांत आत कुठेतरी बारीक अक्षरांत असते.
- न्यायालयीन प्रकरणं. ज्यात संस्थेच्या वतीने तुमचं नाव आहे, त्यांची यादी वकिलाकडून घ्या.
- मालमत्तेची नोंदवही, किल्ल्या, लॅपटॉप, फोन.
- वेबसाइटचं नाव, ईमेल, समाजमाध्यमांवरची खाती आणि त्यांचे पासवर्ड. वेबसाइटचं नाव बहुधा दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी स्वयंसेवकाच्या खात्यावर असतं.
- तोंडी दिलेले शब्द.

शेवटच्या ओळीकडे जरा थांबते. कोणाला पुढच्या वर्षी पगारवाढीचं सांगितलंय, कुठल्या वस्तीत वाचनालय सुरू करू म्हणालाय, कोणत्या अधिकाऱ्याशी ‘हे प्रकरण जरा सबुरीने घेऊ’ असं ठरलंय. हे कुठल्याच फाइलीत नसतं, आणि नवा माणूस तोंडघशी पडतो तो यातच. दोन दिवस काढा, वही घेऊन बसा, आठवतील तेवढे शब्द लिहून काढा. माझ्या यादीत एकतीस निघाले. त्यातले आठ तर मी स्वतःही विसरले होते. कोणते पाळायचे आणि कोणते नाहीत, हे नव्या संचालकाने ठरवावं. पण नाही म्हणायचं असेल त्या ठिकाणी शब्द देणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, स्वतः जाऊन सांगायचं.

५. नव्या कामाचा करार लेखी घ्या

इथे बहुतेक जण संकोचतात. इतकी वर्षं एकत्र काम केलं, आता कागद कशाला? कागद हवाच. त्यात तुमचं काम, हद्द, पगार, सुट्ट्या आणि तुम्ही कोणाला उत्तरदायी आहात, हे सगळं यायला पाहिजे.

पदनाम साधं ठेवा: संघटक. मंडळ प्रेमाने ‘मार्गदर्शक’, ‘मानद सल्लागार’, ‘संस्थापक-संघटक’ असं काहीतरी देऊ करेल. हात जोडून नको म्हणा. मार्गदर्शक म्हटलं की लोक मार्गदर्शन मागायला येतात.

पगार इतर संघटकांच्या श्रेणीतला घ्या, अनुभवाची वाढ धरून. जुना पगार चालू ठेवलात तर तो आकडा महिन्याभरात सगळ्यांना माहीत होतो, आणि मग तुमच्यासोबत दिवसभर उन्हात फिरणारी मुलगी तुमच्याशी मोकळं बोलत नाही. हप्ते आणि मुलांची शिक्षणं याचा हिशेब राजीनाम्याआधीच मांडा. नाही जमत असं दिसलं तर वर्षभर थांबून शिल्लक टाका, त्यात कमीपणा नाही.

आणि वरिष्ठ. माझी वरिष्ठ मीच सहा वर्षांपूर्वी मुलाखत घेऊन घेतलेली. पहिल्या आठवड्यात तिने मला माझा साप्ताहिक अहवाल मागितला तेव्हा तिचा आवाज कापत होता. मी अहवाल दिला. दोन दिवस उशिरा दिला, कारण मला त्याची सवयच राहिली नव्हती. तिने तसं सांगितलं. त्या दिवशी आमचं जुळलं.

त्याच संस्थेत राहायचं की दुसरीकडे जायचं? तुम्ही संस्थापक असाल तर माझं मत स्पष्ट आहे: निदान दोन वर्षं दुसरीकडे जा. संस्थापक नसाल तर त्याच संस्थेत जमू शकतं, पण वेगळ्या भागात काम घ्या, आणि ऑफिसातली जुनी खोली रिकामी करा. माझी खोली नव्या संचालकाने ‘राहू द्या हो, तुमचीच आहे’ म्हणत महिनाभर घेतलीच नाही. शेवटी मी एका रविवारी येऊन कपाट उपसलं.

६. मध्ये अंतर ठेवा

पदभार सोडल्यापासून नव्या कामावर रुजू होईपर्यंत किमान तीन महिने संस्थेत पाऊल टाकू नका. फोन नाही, ‘सहज आले होते’ नाही.

पद सोडलं तरी वजन कसं मागे राहतं, याचा मोठा दाखला आपल्या इतिहासातच आहे. १९३४ मध्ये गांधीजींनी काँग्रेसचं सदस्यत्व सोडलं. मन खरोखरच ग्रामोद्योगाच्या कामात होतं. त्याच वर्षी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि १९३६ पासून ते सेवाग्रामला राहू लागले. पण निर्णयांसाठी पुढारी वर्ध्याच्या वाऱ्या करतच राहिले. १९३९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुभाषचंद्र बोस पट्टाभी सीतारामय्यांविरुद्ध निवडून आले, तेव्हा हा पराभव पट्टाभींपेक्षा माझा आहे, असं गांधीजींनी जाहीर केलं. पुढे त्रिपुरी अधिवेशनात ठराव झाला की अध्यक्षांनी कार्यसमिती गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. एप्रिल संपता संपता बोसांनी राजीनामा दिला. कोण बरोबर, कोण चूक हा वाद इथे नको. जो साधा सदस्यही नव्हता त्याच्या इच्छेनुसार समिती नेमायची, एवढंच लक्षात घ्या.

दुसरं टोक अमेरिकेतलं. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीचं काम उभं करणारे बॉब मोझेस १९६४ च्या अखेरीस तिथल्या नागरी हक्क संघटनांच्या संयुक्त आघाडीच्या संचालकपदावरून बाजूला झाले. आपली भूमिका फार मध्यवर्ती झाली आहे आणि लोक आपल्यावर टेकू लागले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी आडनाव वापरणं सोडलं, पुढे ते राज्यही सोडलं. नंतर १९८२ मध्ये त्यांनी मुलांना बीजगणित शिकवण्याचा प्रकल्प सुरू केला, तो पुन्हा तळातलाच.

आपल्याला आडनाव सोडायची गरज नाही. तीन महिने फोन न उचलणं जमलं तरी पुष्कळ.

७. जुने फोन: काय बोलायचं ते पाठ करून ठेवा

फोन येणारच, आणि ऐन वेळी जीभ घसरते. म्हणून वाक्यं ठरवून ठेवा.

देणगीदार: ‘याबद्दल आता संचालकच सांगू शकतील. मी त्यांना तुमचा निरोप देते.’ पुढे एक शब्द नाही. ‘माझं वैयक्तिक मत विचाराल तर’ हे तर अजिबात नाही.

पत्रकार: ‘संस्थेच्या वतीने मी बोलत नाही.’ फार मागे लागले तर वस्तीतल्या एखाद्या बाईचं नाव सुचवा, आधी तिला विचारून.

जुने सहकारी: हे सर्वांत अवघड. ते तक्रार घेऊन येतात, आणि ऐकून घेणं म्हणजे माणुसकी असं आपल्याला वाटतं. तीनदा ऐकून घेतलंत की ऑफिसात दोन तट पडतात. मी विचारायला लागले, ‘हे तू त्यांना सांगितलंस का?’ उत्तर नेहमी ‘नाही’ असायचं. ‘मग आधी सांग.’ दोन महिन्यांत येणारे कमी झाले. एक जण अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

नव्या संचालकाचं काही चुकतंय असं दिसलं तर? लोकांना इजा होतेय, पैशाचा घोळ आहे किंवा कायदा मोडतोय, तर लगेच आणि थेट त्यांनाच सांगा. बाकी पद्धत, भाषा, बैठकांची वेळ, लेटरहेडचा रंग याबाबत तोंड बंद. लेटरहेडचा रंग खरंच बदलला होता. मला तो आवडत नाही.

८. हातातलं काम पुन्हा शिका

मला वाटलं होतं, संघटन कसं करायचं ते मला येतं. परत गेल्यावर पहिल्या बैठकीत चाळीस मिनिटांतली पंचवीस मीच बोलले. मुद्देसूद, आकडेवारीसह. मग मागून एका आजींनी विचारलं, ‘बाई, तुमचं झालं असेल तर आम्ही बोलू का?’

प्रमुखपदावर असताना आपल्याला उत्तर द्यायची सवय लागते. संघटकाचं काम प्रश्न विचारण्याचं आणि मग गप्प राहण्याचं. तेव्हा पहिले नव्वद दिवस कुठलीही बैठक चालवू नका. बसा, सतरंजी घाला, हजेरी लिहा. या काळात एकच काम करा: एकेकट्या माणसाशी गप्पा. आठवड्याला दहा घरं, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, हातात फॉर्म नाही आणि योजनेची माहितीही नाही. या माणसाला कशाने झोप लागत नाही, अडचणीत तो कोणाकडे जातो, आणि त्याच्याकडे कोण येतं, हे तीन प्रश्न डोक्यात ठेवा. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. ज्याच्याकडे चार माणसं येतात तो तुमचा पुढचा कार्यकर्ता, मग तो सभेत एक शब्द बोलत नसला तरी.

वही घराबाहेर पडल्यावर लिहा, समोर नाही. माझ्या वहीत प्रत्येक घराला एक पान आहे: वर नाव, खाली त्यांच्याच शब्दांतलं एक वाक्य, आणि शेवटी ‘पुन्हा कधी’ अशी तारीख. तारीख नसलेलं पान म्हणजे वाया गेलेली भेट.

नव्वद दिवसांनंतर घरगुती बैठका. एखादी व्यक्ती आपल्या घरी शेजारचे सहा-आठ जण बोलावते, तुम्ही पाहुणे. फ्रेड रॉस या अमेरिकन संघटकाने कॅलिफोर्नियात याच पद्धतीने काम बांधलं. १९५२ मध्ये सॅन होजेत त्यांना सेझार चावेझ भेटले, ते पुढे शेतमजुरांचे नेते झाले. पद्धत साधी दिसते, पण कस निमंत्रणात आहे. निमंत्रण घरमालकिणीनेच द्यायचं. तुम्ही बोलावलंत तर लोक येतात ते संस्थेसाठी, आणि पुढच्या वेळी संस्थेने बोलवायची वाट बघतात.

इथे एक जास्तीचा सापळा आहे. तुमच्या ओळखी अजून शाबूत असतात. वस्तीत पाणी आलं नाही की तुम्ही एक फोन फिरवला तर संध्याकाळपर्यंत येऊ शकतं. मोह होतो. मी एकदा केलाही. पाणी आलं, लोक खूश झाले, आणि आठ दिवसांनी ठरलेल्या शिष्टमंडळासाठी सतराऐवजी तीन माणसं आली. बाकीच्यांनी सरळ विचारलं, ‘तुम्ही फोन कराल की.’ जीव धोक्यात असेल तर फोन करा. बाकी वेळी तो नंबर वस्तीतल्या कोणालातरी द्या, त्यांच्यासोबत बसा, आणि बोलणं त्यांना करू द्या.

९. वर्षाने बसून तपासा

पहिल्या वर्षात निमंत्रणं बंद होतात. व्यासपीठावर ओळखीचे चेहरे दिसतात आणि तुम्ही मागच्या रांगेत लोकांना पाणी देत असता. कोणी विचारतं, ‘हल्ली काय करता?’ मला हे पहिले आठ महिने बोचलं, नंतर कमी झालं. घरच्यांशिवाय एखादा मित्र असा असू द्या ज्याच्याकडे याबद्दल बिनधास्त रडगाणं गाता येईल. तो संस्थेतला नको.

वर्ष झालं की संचालक, तुमची थेट वरिष्ठ आणि तुम्ही, असे तिघं बसा. तीन प्रश्न पुरतात. गेल्या तीन महिन्यांत माझ्याशिवाय न अडलेले निर्णय कोणते? माझ्या भागात मी न बोलावता झालेल्या बैठका किती? आणि संचालकांना माझी अडचण कुठे होते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या फेरीत ‘छे छे, काहीच नाही’ असं येतं. पुन्हा विचारा आणि गप्प बसा. मला मिळालेलं उत्तर होतं: ‘मासिक बैठकीत तुम्ही मान हलवली की सगळे तिकडे बघतात.’ आता मी खिडकीकडे पाठ करून, खांबामागच्या खुर्चीवर बसते.